अष्टमीची थोरली कन्या

यंदाही नवरात्र बसायच्या आधीच समोरच्या भाभींनी दार वाजवलं आणि सांगितलं, अष्टमीला सकाळी आठला बेबीला तयार ठेवा. बेबी म्हणजे माझी मुलगी. ती एकवीस वर्षांची आहे. तिच्या उजव्या कानापाशी एक पांढरा केस येतो, मी तो कापते आणि तो परत येतो. भाभींना तो दिसत नाही. आम्ही गिरगावातली खोली विकून मीरा रोडला, सिल्व्हर पार्कजवळच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, तेव्हा जी दोन वेण्यांची, जाड चष्म्याची पोर लिफ्टमध्ये भाभींच्या ओढणीला हात पुसायची, तीच त्यांना अजून दिसते.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बघते म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बघते म्हणते.

भाभी मूळच्या दिल्लीकडच्या. त्यांच्याकडे अष्टमीला नऊ लहान मुलींना देवी मानून घरी बोलावतात. सतरंजीवर ओळीने बसवतात, परातीत पाय धुतात, टिळा लावतात, मनगटाला लाल धागा बांधतात आणि मग पुरी, काळे चणे, शिरा वाढतात. जाताना प्रत्येकीच्या हातात एखादी भेटवस्तू. कन्या दहाच्या आतली असावी अशी रीत आहे, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. माझी मुलगी दहाची झाली, बाराची झाली, तिला पाळी आली, तरी बोलावणं चुकलं नाही. एकदा मी आडून आडून सुचवलं की आता ती मोठी झाली. भाभी हसल्या. "ये कहाँ बड़ी होगी? ये तो हमेशा बच्ची ही रहेगी. इसमें माता का वास है."

मला तेव्हा बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या आईला देवी वगैरे ऐकून सहसा चीड येते, मलाही येते. 'स्पेशल चाइल्ड' म्हणणाऱ्यांना तर मी मनातल्या मनात चांगलंच चोपून काढते. पण भाभींची गोष्ट वेगळी होती. बिल्डिंगमधल्या वाढदिवसांना माझ्या मुलीला बोलावणं नसायचं. आमच्याच नातेवाइकांकडे हळदीकुंकवाला गेलं की तिच्या हातावर तिळगूळ ठेवून तिला आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसवायचे. भाभींच्या घरी मात्र ती पहिली. तिच्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात जरा जास्तच फट आहे. आपले दुखरे गुडघे मोडून भाभी खाली बसायच्या आणि ती फटसुद्धा ओढणीच्या टोकाने कोरडी करायच्या. अशा बाईशी कोण वाद घालणार?

शिवाय आमच्या घराची दुसरी किल्ली भाभींकडे असते. मला दवाखान्यात जायचं असलं, कुणाच्या मयताला जायचं असलं की मुलीला त्या सांभाळतात. या शहरात माझ्यासाठी असं करणारं दुसरं माणूस नाही.

मुलीची अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा तिच्यासारख्या मुलांच्या त्या शाळेने निरोप समारंभ केला. त्याआधी जवळच्या चेणे गावी नदीकाठी सहल नेली, सगळ्यांना टोप्या वाटल्या. समारंभात मोठ्या बाईंनी भाषण केलं की आता ही मुलं समाजात पाऊल टाकणार. कुठल्या समाजात, कुठल्या पत्त्यावर, ते काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती युनिफॉर्म घालून, वॉटरबॅग गळ्यात अडकवून दारात उभी होती. शाळा संपली हे तिला पटायला सगळा पावसाळा गेला.

अठरानंतर सरकारला ती मोठी वाटते आणि बाकी कुणालाच वाटत नाही. बँकेत म्हणतात, सही तिचीच पाहिजे. कपड्यांच्या दुकानात तिच्या अंगाचं माप माझ्याकडे बघून विचारतात. डॉक्टर तिच्या पोटावर हात ठेवतात आणि कुठे दुखतंय ते मला विचारतात. एकवीस वर्षं आई आहे, ते पुरत नाही म्हणे. कायद्याने पालक व्हायला मला वेगळा अर्ज करावा लागला. त्याच्यासाठी किती खिडक्यांवर उभी राहिले ते सांगत बसत नाही, सांगायचाही कंटाळा येतो. नवरा चांगला आहे. अंधेरीला विमा कंपनीत आहे, संध्याकाळी दमून येतो आणि मुलीसाठी चॉकलेट आणतो. त्याचं प्रेम चॉकलेटमधून येतं आणि वाढलेलं वजन माझ्या वाट्याला.

भाईंदरला अशा मुलांची एक कार्यशाळा आहे, पणत्या रंगवतात, कागदी पिशव्या करतात. तिथे नाव घालून ठेवलंय, जागा रिकामी होत नाही. होणार कशी? तिथून मुलं जाणार कुठे? दोन-अडीच वर्षं ती घरातच होती. सोफ्याच्या एका कोपऱ्यात तिच्या बसण्याने खळगा पडला. मी रोज तो थोपटून सारखा करायची. आमच्यामागे हिचं काय, हा प्रश्न लोक मला फार हळू आवाजात विचारतात. मी स्वतःला तो भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, येता-जाता विचारत असते.

या उन्हाळ्यात तिला काम मिळालं. मिळालं म्हणजे मी मिळवलं. नवघरच्या बाजूला एक पोळीभाजी केंद्र आहे, तिथे मी रोज जाऊन पोळ्या विकत घेत राहिले आणि चांगली ओळख झाल्यावर विषय काढला. घरी नवरा म्हणायचा, तुझ्या हातच्या पोळ्या कधी मिळणार? मी म्हटलं, तू फक्त खा.

केंद्राच्या मालकीणबाई इथल्याच, आगरी. सासऱ्यांची मिठागरं होती, आता तिथे टॉवर उभे आहेत. त्यांनी माझ्या मुलीला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मला न विचारता तिलाच विचारलं, नखं कापतेस का, बाथरूमला जायचं सांगता येतं का, पोळी खाली पडली तर उचलून परत ठेवशील का. तिसऱ्या प्रश्नाला माझी मुलगी "शी" म्हणाली. मालकीणबाई म्हणाल्या, "मंग धाडा."

काम साधं होतं. दोन पोळ्या गुंडाळायच्या, भाजीचा डबा भरून आला की त्यावर झाकण लावायचं, दोन्ही पिशवीत घालायचं. ती आठवड्याभरात शिकली. झाकण तर इतकं घट्ट लावायची की गिऱ्हाईक परत येऊन उघडून मागायचं. तिथे सगळ्या बायका डोक्याला जाळीची टोपी घालतात आणि समोरच्या क्लासमधली मुलं येऊन ओरडतात, आंटी, दो रोटी देना, आंटी, जल्दी. माझी मुलगी त्या टोपीवाल्या बायकांकडे टक लावून बघायची. टोपी तिलाही होती. पण तिला बघून मुलं दुसऱ्या बाईला हाक मारायची.

अडचण निराळीच निघाली. ती सुरुवात करायची नाही. पोळ्यांची परात आली की सगळ्या बायका उठायच्या आणि ही जाऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसायची. गुडघे जुळवलेले, तळहात मांडीवर उताणे, मान जराशी खाली. कुणी हाताला धरून उठवलं की काम करायची, पुन्हा परात आली की पुन्हा बाकावर. आधी सगळ्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मी रोज तिच्यासोबत तिथे थांबायची, "ऊठ बाळा, ऊठ" करत, आणि तिचं ते बसणं मला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. एके दिवशी लक्षात आलं. भाभींच्या सतरंजीवर ती अशीच बसते. तळहात असेच, धागा बांधून घ्यायला. आणि एकट्या भाभींना तरी काय म्हणायचं? शाळेत, घरी, लग्नाकार्यात, जिथे जाईल तिथे तिला एकच वाक्य ऐकू आलंय. तू बस, बाळा. आम्ही करतो.

नवरात्राच्या तोंडावर मालकीणबाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"ताई, पोरगी गुनाची हाय. पन ती कामाला येते का पावनी येते, तेच मना कलत न्हाय. अष्टमीला उपासाच्या ऑर्डरी असतात, हात पुरत न्हाय. त्या दिवशी हिला सोडून तुम्ही घरी जा. आपली आपन उठली तर ठेवते. न्हाय उठली तर मना दुसरी बघावी लागेल."

मला राग आला आणि कुणावर काढावा ते कळेना. बाई खोटं बोलत नव्हती. ही जागा गेली की दुसरी नाही, हे मला माहीत होतं. सोफ्याचा तो खळगा होता आणि त्याच्यापुढे काही नव्हतं.

अष्टमी. म्हणजे भाभींकडेही तीच सकाळ. आदल्या दिवशी मी मनाशी हिंदी वाक्यं जुळवून त्यांच्याकडे गेले. त्या चणे निवडत होत्या. मी सांगितलं की बेबीला त्या दिवशी कामावर नऊला पोचायचंय, यंदा राहू द्या. त्यांचा हात थांबला. "अष्टमी के दिन कन्या को काम पे भेजोगे?" एवढंच विचारलं, पण असं की जणू मी मुलीला वेठीला जुंपलंय. मग म्हणाल्या, सगळ्यांना द्यायच्या पाण्याच्या बाटल्या आणून झाल्यात, गुलाबी, बेबीला आवडतो तो रंग. खरंच कपाटावर नऊ गुलाबी बाटल्या ओळीने उभ्या होत्या. गुरुवारी मला तपासणीला मोठ्या हॉस्पिटलात जायचं होतं, दिवस मोडणार होता, आणि मुलीला ठेवायला याच बाईकडे यायचं होतं. हे सगळं त्या चण्यांच्या ताटाशेजारी बसून माझ्या डोक्यात फिरत होतं. शेवटी मी म्हटलं, साडेसातला पूजा कराल का? त्या म्हणाल्या, करते. दोन्हीकडे अर्धं अर्धं आणि मधे आपण, अशी दमलेल्या माणसाची तडजोड होती ती.

सकाळी आमचं कपड्यांवरून वाजलं. तिला लाल घागरा हवा होता, मला कामावर चालेल असा सुती कुडता. ती पलंगावर आडवी पडून राहिली. मग कुडता आणि वर हातभर बांगड्या, असं ठरलं. रिक्षात बांगड्या काढून घ्यायच्या, असं मी मनात ठरवलं.

भाभींच्या हॉलमध्ये मुली येऊन बसल्या होत्या. चार-पाच वर्षांच्या, कुणी जांभया देत होत्या, कुणाचे केस अजून ओले. माझी मुलगी त्यांच्या मधोमध जाऊन बसली. गुडघे जुळवले, तळहात उताणे. ती सगळ्यांच्या डोक्यावरून दिसत होती. मी दाराशी इतर आयांमध्ये उभी होते आणि घड्याळ बघत होते. भाभींनी कडेच्या मुलीचे पाय धुतले, परात पुढे सरकवली.

दुसऱ्या मजल्यावर नवीन आलेल्यांची एक चिमुरडी माझ्या मुलीच्या शेजारी होती. तिने मान वर करून हिच्याकडे नीट बघितलं. मग भाभींना विचारलं, "ये आंटी हमारे साथ क्यों बैठी हैं?"

पोरीच्या आवाजात काही खोट नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दोन बायका फिसकन हसल्या, एकीने तोंडाला पदर लावला. वाटलं, आत्ता जाऊन हिला उचलावं आणि या बिल्डिंगमधूनच निघून जावं, कुठेही. भाभी घाईने म्हणाल्या, आंटी नाही बेटा, दीदी आहे, बच्ची आहे ही. पण माझ्या मुलीने ऐकायचं ते ऐकलं होतं.

"आंटी," ती म्हणाली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी?"

चिमुरडीने मान हलवली.

ती उठली. जाडजूड शरीर, एक हात जमिनीला टेकून, वेळ घेऊन उठली. कुणी हाताला धरलं नव्हतं. सरळ स्वयंपाकघरात गेली, नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत, केंद्रात शिकवलंय तसे. पुऱ्यांची टोपली उचलली आणि ओळीच्या टोकापासून प्रत्येकीच्या ताटलीत दोन-दोन पुऱ्या ठेवत निघाली. पाय अजून धुऊन व्हायचे होते, टिळे लागायचे होते, सगळा क्रमच मोडला. भाभी परातीपाशी बसल्या बसल्या म्हणत होत्या, बैठ जा बेटा, पहले पाँव तो धोने दे. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आंटी बसत नाय."

भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊच्या आठ झाल्या होत्या, अष्टमीची पूजा मोडली होती, आणि हे माझ्यामुळे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. त्यांनी सुनेला खाली पाठवून वॉचमनच्या धाकटीला बोलावून घेतलं. मी माफी मागितली. त्या पाय धुवायला खाली वाकल्या.

रिक्षात मी तिच्या बांगड्या काढल्या. तिने काढू दिल्या. केंद्रापाशी मालकीणबाईंनी मला हातानेच जायची खूण केली. मी घरी गेले नाही. जवळच्या देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. इतकी वर्षं एक हात कायम तिच्या हातात असायचा, तो आता कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. चहा घेतला, तो निवला. बाकावर बसलेली ती मला सारखी दिसत होती.

दोनला गेले तेव्हा मालकीणबाई कढईशी होत्या. साबुदाण्याचे वडे उलटत होत्या, वर बघितलं नाही. माझी मुलगी आत टोपी घालून डब्यांना झाकणं लावत होती. मी विचारलं, बसली का हो?

"बसली ना. चहाला सगल्याच बसल्या, तवा ती पन बसली." मग झारा कढईच्या काठावर आपटून म्हणाल्या, "दसऱ्याला श्रीखंड हाय. सातला धाडा. आनि टोपी घरशी घालून येऊ दे, हितं टोपीतच अर्धा तास जातो तिचा."

मला रडू आलं नाही. मला फक्त खूप झोप आली.

घरी आलो तर आमच्या चपलांच्या कपाटावर भाभींचं ताट झाकून ठेवलेलं होतं. पुरी, चणे, शिरा. समोरचं दार बंद. मुलीने रुमाल उचलला, ताटाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. "बाटली?" मी सांगितलं, बाटली लहान मुलींना असते, ती वॉचमनच्या धाकटीला दिली. तिला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, की आंटी झालं की बाटली मिळत नाही. ती रडली. चांगली तासभर रडली, नाक पुसत, उशी भिजवत. मी समजूत घातली नाही. दुसरी आणते म्हणायचं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. भाभींचा राग किती दिवस राहील, गुरुवारी काय करायचं, तपासणी पुढे ढकलावी का, हे सगळं घेऊन मी सोफ्यावर तिच्या त्या खळग्यातच टेकले. नवऱ्याचा फोन आला, काय झालं विचारायला. तिला कामावर ठेवणार आहेत, एवढं मी सांगितलं.

संध्याकाळी ओट्याकडे वळले, तर ती तोंड धुऊन माझ्या आधी तिथे उभी होती. टोपी घातली होती. मी पोळ्यांचा डबा घ्यायला हात पुढे केला, तिने तो बाजूला सारला.

"तू बस," ती म्हणाली. "मी करते."

हे वाक्य मी तिला हजारदा म्हटलं असेन. मला मात्र या घरात कुणी म्हटल्याचं आठवत नाही. मी टेबलाशी बसले. तिने ताटात दोन पोळ्या ठेवल्या, बटाट्याची भाजी वाढली, आणि मग मोठ्या पातेल्यावरचं झाकण आणून माझ्या ताटावर घट्ट दाबून बसवलं. दोन्ही हातांनी. आणि समोर उभी राहिली.

मी झाकण काढलं आणि जेवले.